शेगडी विझेपर्यंत

आमच्या घरात विस्तव एकदा पेटला की तो विझेपर्यंत आईला बसता येत नसे. बाकीचे आम्ही बसत होतो, वाचत होतो, दारात उभं राहून गप्पा मारत होतो. आई मात्र शेगडीच्या ताब्यात. मंगळवार पेठेत आमच्या भाड्याच्या तीन खोल्या होत्या. सगळ्यात मागची खोली म्हणजे स्वयंपाकघर, तिच्यामागे परस, आणि दोहोंच्या मधल्या उंबऱ्याशी ती भुशाची शेगडी. आज भुशाची शेगडी म्हटलं तर कुणाच्या डोळ्यांपुढे काही येत नाही, म्हणून सांगते. पत्र्याचा एक उंच डबा, खाली बाजूला त्याला एक भोक. डब्याच्या मधोमध काचेची बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून एक दांडकं सारून ते बाटलीच्या बुडाला टेकवायचं, आणि भोवतीनं लाकडाचा भुसा मूठमूठ टाकत खलबत्त्याच्या बत्त्यानं ठोकत जायचं. डबा काठोकाठ भरला की बाटली हळूहळू फिरवत वर काढायची आणि दांडकं बाहेर ओढायचं. मध्ये पोकळी राहते. खालून कागदाचा बोळा पेटवून सारला की भुसा आतून पेट घेतो आणि दोन-तीन तास संथ जळत राहतो. भुसा सैल बसला असेल तर मध्येच ढासळतो आणि घरभर धूर होतो. ही शेगडी बारीक करता येत नाही, मोठी करता येत नाही, आणि विझवता तर येतच नाही. पाणी ओतलं तर उरलेला भुसा वाया, आणि ‘वाया’ हा शब्द आमच्या घरात शिवीच्या जागी होता.

हे सगळं आप्पांचं. माझे वडील हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. त्यांचं लहानपण राधानगरीच्या पलीकडच्या एका वाडीत गेलं होतं. ज्या डोंगरात लहानपणी दिवसासुद्धा जायला भीती वाटायची, तोच डोंगर मोठेपणी त्यांनी बोडका झालेला पाहिला. शहरातल्या चुलींसाठी लाकूड आणि कोळसा जातो तो तिथूनच, हे त्यांच्या मनात जे बसलं ते कायमचं. त्यानंतर आमच्या घरात जळणाचं एक ढलपंही आलं नाही. लाकडाच्या वखारीत भुसा नुसता पडून असायचा, कधी कधी वखारवाले तो ओढ्याकाठी नेऊन टाकायचे. आप्पा तो पोत्यात भरून सायकलच्या कॅरिअरवरून आणायचे. घामाघूम होऊन दारात पोतं टाकताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा तो पगाराच्या दिवशीही मी कधी पाहिला नाही.

शेगडी हा त्यातला एक भाग. अंघोळीचं पाणी पन्हळीतून परसातल्या केळीला आणि अळूला जायचं, म्हणून अंगाला साबण नाही, डाळीचं पीठ. केसांना शिकेकाई. भांड्यांना राख, तीसुद्धा शेगडीतलीच. तांदूळ धुतलेलं पाणी आमटीत. भाजीची देठं-सालं खड्ड्यात, आणि त्यातली दोडक्याच्या शिरांसारखी चांगली सालं चटणीत. जुन्या लुगड्यांच्या अंथरायला-पांघरायला वाकळी, फाटलेल्या वाकळींची पायपुसणी. आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवायची. पर्यावरण हा शब्द तेव्हा आमच्या पेठेत कुणी उच्चारत नव्हतं, त्यामुळे लोक आप्पांना सरळ चिक्कू म्हणायचे. ते चिक्कू नव्हते. गावाकडून शिकायला आलेली पोरं आमच्याकडे महिना महिना जेवायची आणि आप्पा त्यांना दुसऱ्यांदा वाढायला लावायचे. त्यांना फक्त एखादी गोष्ट उरलेली, सांडलेली, टाकलेली बघवत नसे. माणूस चांगला होता, आणि चांगल्या माणसाशी भांडणं किती अवघड असतं ते आईला विचारायला हवं होतं.

पहाटे आई शेगडी पेटवायची. आधी आमटी, मग भात, मधली धग चांगली असते तेव्हा भाकऱ्या. आमच्या आईची भाकरी तव्यावरून काढली की पापुद्रा असा सुटायचा की आत वाफ दिसायची. भाकऱ्या झाल्या की अंघोळीचं पाणी. मग दूध. चौकात गवळी म्हशी आणून उभ्या करायचे आणि समोर धार काढून द्यायचे, ते फेसाळ दूध घेऊन यायचं काम माझं. इथवर कुठल्याही घरात होतं तेच. पण कामं संपली तरी शेगडी संपलेली नसायची, आणि आप्पांचा नियम असा की धग वाया जाता कामा नये. मग आई शेंगदाणे भाजायची. त्यानंतर निखाऱ्यावर वांगं. त्यानंतर कण्या. त्यानंतर काहीच नसलं तर नुसतं पाण्याचं पातेलं, कशाला ते कुणालाच माहीत नसे. ती विझून, राख काढून, त्या राखेनं भांडी घासून होतात तोवर संध्याकाळची भरायची वेळ. दुपारी दोन वाजता शेजारच्या बायका पदर पसरून फरशीवर आडव्या व्हायच्या, त्या वेळी आमच्या मागच्या खोलीतून बत्त्याचा ठक ठक आवाज यायचा. तो आवाज मी लहानपणभर ऐकला. भुशावर बत्ता पडला की आवाज मोठा होत नाही, दबका येतो.

अवेळी पाहुणा आला की मात्र पंचाईत. शेगडी थंड असेल तर एक कप चहासाठी ती पेटवता येत नाही, पेटवली तर तीन तास चालवावी लागते. मग आई मला मागच्या दारानं शेजारच्या आक्कांकडे पिटाळायची. त्यांच्या स्टोव्हवर चहा व्हायचा, मी पदराखाली लपवल्यासारखी किटली आणायची, आणि आप्पा बाहेरच्या खोलीत पाहुण्याला आपल्या घरी रॉकेलचा थेंब लागत नाही हे समजावत असायचे. चहा कुठून आला हे त्यांनी कधी विचारलं नाही. माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

माझ्या मुलाच्या पुण्यातल्या घरी आता गच्चीत ओल्या कचऱ्याची तीन मडकी आहेत, गांडूळखत आहे, छपरावर सौर तापक आहे. येणारे-जाणारे कौतुक करतात, मलाही आनंद होतो. आप्पा असते तर नातवाच्या पाठीवर थाप मारली असती. पण परवा तो पाहुण्यांना मडकी दाखवत होता तेव्हा माझ्या तोंडून गेलंच, की हे ढवळतं कोण रे? तो हसला. कामाला येणाऱ्या मावशी ढवळतात, म्हणाला. या वयात पाहुण्यांसमोर मुलाला टोचून बोलू नये एवढं कळतं. पण नंतर रात्रभर माझा हात दुखत राहिला.

आईचा हात दुखायला लागला ते माझं मॅट्रिकचं वर्ष होतं. उजवं मनगट. आधी ती ओल्या फडक्यानं बांधून काम करायची, मग सूज दिसायला लागली, मग एक दिवस भाकरी थापताना पीठ परातीत तसंच ठेवून ती नुसती बघत बसली. आप्पाच तिला पेठेतल्या तालमीत घेऊन गेले. तिथले म्हातारे वस्ताद कुस्तीत निखळलेले हात-पाय बसवायचे आणि साऱ्या पेठेतल्या बाया-बापड्यांचेही बघायचे. त्यांनी मनगट दाबलं, फिरवलं, तेल लावून पट्टी बांधली आणि आप्पांना सांगितलं की हा हात ठोकून ठोकून झिजलाय, ठोकायचं काम बंद नाही केलं तर हातात पाण्याचा गडवासुद्धा धरता यायचा नाही. आप्पा गंभीरपणे मान हलवत घरी आले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. आणि संध्याकाळी ते मला म्हणाले, सुमन, आता शेगडी तू भरत जा.

त्याच सुमारास मामा आला. आईचा हा धाकटा भाऊ, एका कचेरीत कारकून होता. त्यानं काही वर्षांपूर्वी बहिणीच्या नावानं गॅससाठी नंबर लावून ठेवला होता, आप्पांना न विचारता. त्या काळी नंबर लावून माणसं विसरून जायची, इतका वेळ लागायचा. तो नंबर आला होता. महिनाअखेरपर्यंत जाऊन सिलिंडर आणला नाही तर तो पुढच्याला जाणार, असं मामा सांगत होता. तो बोलत असताना आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पहिल्यांदा पाहत होते. हावरेपणा म्हटला तरी चालेल. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले की पुढच्या रविवारी बिद्रीकडच्या एका गावातलं महिला मंडळ आपली शेगडी बघायला येतंय. त्यांच्या गावात आप्पांनी भाषण केलं होतं आणि बायकांना ते पटलं होतं. ज्या घरात बायका शेगडी शिकायला येणार त्या घरात आपण सिलिंडर आणून ठेवायचा का, एवढंच त्यांनी विचारलं. मामा माझ्याकडे बघायला लागला. मग आई म्हणाली,

“मी दमलो आता.”

आमच्याकडच्या बायका दमले म्हणत नाहीत, दमलो म्हणतात, गड्यासारखं. आई कागलकडची, ती तसंच बोलायची. आप्पांनी ऐकलं आणि म्हणाले, अगं म्हणून तर सुमनला सांगितलंय.

तर मी शेगडी भरायला लागले. सकाळी उठून एकदा आणि शाळेतून आल्यावर एकदा. पहिले काही दिवस मला त्यात प्रौढ झाल्याचं वाटलं. मग भुसा नाकात, केसांत, पुस्तकांच्या पानांत सापडायला लागला. बत्ता ठोकून ठोकून हाताला कंप सुटायचा आणि वहीत अक्षर वाकडं यायचं. बीजगणित घेऊन बसले की डोळे मिटायचे. आई समोर बसून बघत असायची. हात बांधलेला, त्यामुळे ती काही करू शकत नव्हती, आणि शेगडीपाशी रिकामी बसलेली ती मला ओळखू येत नव्हती. एकदा ती माझा तळवा ओढून बघायला लागली. तिथं फोड आला होता. ती त्यावर बोट फिरवत राहिली. आपल्याला मुलगी झाली म्हणजे नेमकं काय झालं याचा ती हिशेब करत असावी, असं आता वाटतं. महिना संपत आला होता.

रविवारी आप्पा पांढरंशुभ्र धोतर नेसून तयार होते. बेत असा होता की बायका दहा वाजता येतील, त्यांच्यादेखत शेगडी पेटेल, आणि एकाच भरणीवर सगळा स्वयंपाक कसा होतो ते त्या बघतील. मी पहाटे ती भरून ठेवली होती. दहा वाजले, कुणी आलं नाही. आप्पांची वेळ म्हणजे वेळ, त्यांनी पेटवायला सांगितली. आमटी झाली, भात झाला, भाकऱ्या मी थापल्या, जाड आणि वाकड्या. वांग्याचं भरीत झालं. पाणी तापलं. शेंगदाणे भाजले. शेगडी लाल होऊन, मग करडी होऊन, तिच्या तिच्या गतीनं विझली, आणि त्यानंतर बऱ्याच वेळानं गल्लीच्या तोंडाशी बायकांचा गलका ऐकू आला. त्यांची एसटी वाटेत बंद पडली होती.

सात-आठ जणी होत्या, उन्हानं तापलेल्या, भुकेल्या. त्यांनी जेवून घेतलं, माझ्या भाकऱ्यांनासुद्धा नावं ठेवली नाहीत. मंडळाची अध्यक्षीण ठसठशीत बाई होती, तिनं हात धुतले आणि पदराला पुसत म्हणाली, “गुरुजी, आता भरून दावा की. त्याच्यासाठीच आलोय आमी.”

आप्पांनी आईला हाक मारली आणि शेगडी भरून दाखवायला सांगितली. सवयीनंच सांगितलं असावं. आई ताटं गोळा करत होती. तिनं ती खाली ठेवली आणि परसाच्या उंबऱ्यावर बसली. मला न्हाय जमायचं, म्हणाली, मोठ्यानं नाही. आप्पांना एकदम पट्टी दिसली. ते बरं बरं म्हणाले आणि माझ्याकडे वळले. मी उठले होतेच. बाटली घेतली, बत्ता घेतला. तेवढ्यात आईनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. असं धरलं की बत्ता माझ्या हातून सुटून फरशीवर पडला.

“ती न्हाय भरायची,” आई म्हणाली. “तिची परीक्षा हाय.”

आप्पा खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, “अगं, पाहुण्या एवढ्या लांबून आल्यात. मग कोण भरणार?”

“तुम्ही भरा की,” आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, मला तो असता तर बरं वाटलं असतं. “तुमचीच शेगडी हाय.”

आप्पा क्षणभर तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी धोतर आवरून घेतलं आणि फरशीवर मांडी घातली. कसं भरायचं ते त्यांना चांगलं माहीत होतं, फळ्यावर आकृती काढून त्यांनी ते शेकडो जणांना शिकवलं होतं. बाटली त्यांनी बरोबर मधोमध धरली, दांडकं नीट टेकवलं. पहिल्या मुठींबरोबर ते समजावूनही सांगत होते, की थर पातळ घ्यावा, ठोका सरळ पडावा. मग बोलणं कमी झालं. मग बंदच झालं. नुसता बत्त्याचा दबका आवाज. त्यांच्या कपाळावरून घाम भुशात पडत होता, भुसा धोतरावर, भुवयांवर बसत होता. डबा अर्धासुद्धा भरला नव्हता आणि ते हात बदलून ठोकायला लागले. बायका आधी कुजबुजल्या, मग एकमेकींकडे बघेनाशा झाल्या. त्या सगळ्या घरी चूल पेटवणाऱ्याच होत्या, त्यांना हसू आलं नाही. थोड्या वेळानं त्यांच्या परतीच्या गाडीची वेळ झाली. उठताना अध्यक्षीणबाईंनी आईचा बांधलेला हात आपल्या हातात घेतला, पट्टी उलटसुलट बघितली, आणि पायांत चपला सरकवल्या. आप्पांनी ठोकणं थांबवलं नाही. निरोपसुद्धा बसूनच घेतला.

डबा भरला तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो. त्यांनी बाटली फिरवत काढली. भुसा उभा राहिला, ढासळला नाही. त्या भरलेल्या शेगडीवर करायचं मात्र काहीच उरलं नव्हतं. आप्पांची बोटं मिटत नव्हती, ते ती मांडीवर ठेवून बघत बसले.

“हे रोज?” त्यांनी विचारलं.

“दोनदा,” आई म्हणाली.

त्यानंतरचे काही दिवस शेगडी आप्पांनीच भरली. शाळेला जायच्या आधी आणि शाळेतून आल्यावर. घाईत भुसा सैल राहायचा, भात अर्धा कच्चा राहायचा, घरात इतका धूर की शेजारच्या आक्का चौकशीला आल्या. आम्ही कच्चा भात तसाच चावत होतो. मला वाटायचं की नंबर आता गेलाच. आईही तसंच धरून चालली असावी, कारण ती पुन्हा मनगटाला ओलं फडकं बांधून कामाला लागली होती. आणि महिन्याच्या अगदी शेवटी एका दुपारी गल्लीत हातगाडीचा खडखडाट झाला. गाडीवर लाल सिलिंडर, एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला सायकल हातात धरून आप्पा. दारात आल्यावर ते आईकडे न बघता म्हणाले, नंबर लावलेलाच होता, तो वाया कशाला घालवायचा. मामानं तोंड फिरवून हसू दाबलं. मी आजही त्या वाक्याला हसते, आणि हसता हसता मला त्यांची फार आठवण येते. त्यांच्याकडे हार कबूल करायला दुसरे शब्दच नव्हते.

भुशाची शेगडी मोडीत गेली नाही. ती परसात गेली, आणि रविवारचं अंघोळीचं पाणी आप्पा स्वतः भरलेल्या शेगडीवर तापवायचे, हातात बळ होतं तोवर. पण ते पुढचं.

त्या दुपारी गॅस जोडणारा माणूस सगळं समजावून निघून गेला. आईनं दुधाचं पातेलं ठेवलं, काडी ओढली, चावी फिरवली. निळी ज्योत आली. आम्ही तिघं उभे. दूध वर यायला लागलं तशी तिनं सवयीनं पातेलं उचलायला पदर पुढे केला, मग थांबली आणि चावी फिरवली. ज्योत गेली. ती वाकून बघत राहिली. पातेलं बाजूला ठेवून तिनं दुसरी काडी ओढली आणि गॅस पुन्हा पेटवला, वर काहीसुद्धा न ठेवता. पुन्हा बंद केला. आप्पांनी त्या फुकट गेलेल्या काडीकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

“बंद होतोय की,” आई म्हणाली.

मग तिनं हात धुतले, मधल्या खोलीत वाकळ अंथरली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. भर दुपारी. आप्पांनी दूध झाकलं, मी पुस्तक घेऊन दारात बसले. तिला झोप लगेच लागली. दिवस कलला तरी कुणी तिला उठवलं नाही, आणि उठवायला घरात काही जळतही नव्हतं.